रॅमचा वेग कसा वाढवावा आणि वाढवलेला वेग टिकतो का, हे कसे तपासावे

डेस्कटॉप संगणकाच्या रॅमचा वेग वाढवणे हे तासाभराचे काम आहे. तो वेग खरोखर टिकतो की नाही, हे ठरवायला मात्र दोन-तीन दिवस लागतात. बहुतेक जण पहिले काम हौसेने करतात, विंडोज सुरू झाले की समाधान मानतात आणि दुसऱ्या कामाला फाटा देतात. गोव्यात हा आळस जास्त महागात पडतो. जानेवारीच्या रात्री किंवा एसी लावलेल्या खोलीत निर्दोष ठरलेली रॅम मे महिन्याच्या दुपारी, बाहेर ३३ अंश आणि बंद खोलीत त्याहून अधिक तापमान असताना, चुका करू लागते आणि त्या चुका पडद्यावर दिसतीलच असे नाही. म्हणून या लेखात वेग वाढवण्यापेक्षा चाचणीला अधिक जागा दिली आहे.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: आपल्याला याचा उपयोग आहे का? वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या, म्हणजे प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर चालणाऱ्या संगणकाला वेगवान रॅमचा फायदा सर्वांत जास्त होतो, कारण तिथे प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघेही त्याच रॅमवर अवलंबून असतात. ज्या गेममध्ये प्रोसेसर कमी पडतो तिथे, आणि मोठ्या फाइली झिप करताना किंवा उघडताना फरक जाणवतो. केवळ डीटीपी, हिशेब आणि इंटरनेट एवढेच काम असेल, तर एक्सएमपी (रॅमच्या कंपनीने स्टिकमध्येच साठवून दिलेली जास्त वेगाची तयार सेटिंग) चालू करून चाचणी घ्यावी आणि तिथेच थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आकडे नेमके काय सांगतात

पाकिटावर ‘३२००’ असे छापलेले असते आणि सीपीयू-झेड हा संगणकाची माहिती देणारा प्रोग्राम मात्र १६०० मेगाहर्ट्झ दाखवतो. यात फसवणूक नाही. डीडीआर रॅम घड्याळाच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा माहिती पाठवते, त्यामुळे ३२०० हा आकडा सेकंदाला होणाऱ्या मेगाट्रान्सफरचा असतो आणि प्रत्यक्ष घड्याळ त्याच्या निम्म्या वेगाने चालते. एका चॅनलची रुंदी ८ बाइट असल्यामुळे ३२०० वेगाला सेकंदाला २५.६ जीबी, आणि दोन चॅनल मिळून ५१.२ जीबी इतकी सैद्धांतिक क्षमता होते. दोन स्टिकऐवजी (स्टिक म्हणजे रॅमची एक पट्टी) एकच मोठी स्टिक लावणाऱ्याची निम्मी क्षमता तिथेच जाते. ओव्हरक्लॉकिंगने, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवून, ती भरून निघत नाही.

दुसरा आकडा टायमिंगचा. सीएल १६ म्हणजे मागणी केल्यापासून माहिती मिळू लागेपर्यंत घड्याळाची १६ आवर्तने. हा काळ नॅनोसेकंदांत काढण्यासाठी सीएलला २००० ने गुणून वेगाने भागावे. ३२०० वर सीएल १६, ३६०० वर सीएल १८ आणि डीडीआर५ च्या ६००० वर सीएल ३० या तिन्हींचे उत्तर १० नॅनोसेकंद असेच येते. म्हणजे सीएलचा मोठा आकडा पाहून रॅम मंद आहे असे समजू नये, आणि वेगाचा मोठा आकडा पाहून हुरळूनही जाऊ नये. ६००० वर सीएल ३६ असेल, तर तोच विलंब १२ नॅनोसेकंद होतो.

तयारी

सर्वांत आधी महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप बाहेरच्या ड्राइव्हवर घ्यावा आणि तो ड्राइव्ह काढून बाजूला ठेवावा. अस्थिर रॅम संगणक बंद पाडते तेव्हा निदान कळते तरी. ती गुपचूप एखादा बिट उलटवते तेव्हा कळतही नाही. शिगम्याच्या किंवा घरच्या चतुर्थीच्या फोटोंचे फोल्डर एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर नेताना असे झाले, तर एखाद्या फोटोचा वरचा भाग नीट आणि मध्येच एका रेषेपासून खालचा सगळा भाग करडा किंवा जांभळट, असे चित्र महिन्यांनी समोर येते आणि तोवर मूळ प्रत पुसलेली असते. शक्य असल्यास चाचणीच्या काळात माहितीची डिस्क मदरबोर्डवरून सोडवूनच ठेवावी. या दिवसांत विंडोजचे अपडेटही थांबवून ठेवावे, कारण अपडेट चालू असतानाच रॅमने चूक केली, तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइली बिघडतात.

त्यानंतर कॅबिनेट उघडून स्टिक काढून पाहाव्यात. पेडण्यापासून काणकोणपर्यंत किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी ही पायरी वगळू नये. खाऱ्या, दमट हवेत दोन-तीन पावसाळे काढलेल्या स्टिकच्या सोनेरी संपर्कपट्ट्या उजेडात तिरक्या धरून पाहिल्या, तर काही पट्ट्यांवर मंद, ढगाळ थर दिसतो, कधी कडेला हिरवट ठिपकाही असतो. दुरुस्तीच्या टेबलावर यावर खोडरबर फिरवण्याची रीत आहे. त्याने थर जातो खरा, पण सोन्याचा अतिशय पातळ मुलामाही झिजतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेले, धागे न सुटणारे कापड पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने फिरवावे, पूर्ण वाळू द्यावे आणि मगच स्टिक बसवावी. संपर्कातला दोष आणि ओव्हरक्लॉकिंगचा दोष चाचणीत सारखेच दिसतात, म्हणून हा संशय आधीच मिटवलेला बरा. आपल्या दमट हवेत स्थिर विद्युतचा त्रास कोरड्या प्रदेशातल्यापेक्षा कमी असतो, तरीही स्टिकला हात लावण्यापूर्वी मुख्य बटण बंद करून कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करावा.

चार स्लॉट असतील आणि स्टिक दोन असतील, तर बहुतेक मदरबोर्डवर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात. मॅन्युअलमध्ये खात्री करून घ्यावी. एकाच पाकिटातल्या जोडीचा आग्रह धरावा. आज एक स्टिक पणजीत घेतली आणि सहा महिन्यांनी दुसरी म्हापशात, तर नाव तेच असले तरी आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात, आणि मग दोघींनाही अधिक मंद असलेल्या स्टिकच्या मर्यादेत चालवावे लागते.

बायोस (संगणक सुरू होताना मदरबोर्ड सर्वांत आधी चालवतो तो प्रोग्राम) जुने असेल, तर नवे घालून घ्यावे, परंतु संगणक यूपीएसवर असतानाच. पावसाळ्यात ढगांचा गडगडाट सुरू असताना हे काम हाती घेऊ नये, कारण बायोस लिहिले जात असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. शेवटी बायोसमधील सध्याच्या वेगाचे, टायमिंगचे आणि व्होल्टेजचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत आणि सीमॉस क्लिअर करण्याचे, म्हणजे बायोसच्या सेटिंग मूळ स्थितीत आणण्याचे, जंपर किंवा बटण कुठे आहे ते पाहून ठेवावे. पडदा काळा राहिल्यावर टॉर्च घेऊन ते शोधण्यात मजा नाही.

काही बोर्डांवर रॅमचा वेग वाढवताच येत नाही. इंटेलच्या बी-मालिकेतील चिपसेटना ही मुभा २०२१ च्या बी५६० पासून मिळाली. एच६१० वर ती नाही. एएमडीच्या बाजूला मात्र स्वस्तातल्या ए५२० वरही रॅमचा वेग वाढवता येतो.

पहिला टप्पा: तयार प्रोफाइल

कोणताही बदल करण्यापूर्वी, आहे त्या स्थितीत मेमटेस्ट८६+ ची एक पूर्ण फेरी चालवावी. हा मुक्तस्रोत प्रोग्राम पेनड्राइव्हवरून थेट सुरू होतो. मूळ वेगातच चूक आढळली, तर स्टिक सदोष आहे किंवा नीट बसलेली नाही. पुढे जाण्यात अर्थ नाही, वॉरंटीचे कागद शोधावेत.

ही फेरी निर्दोष झाली की बायोसमध्ये एक्सएमपी चालू करावे. डीडीआर४ चा प्रमाणित व्होल्टेज १.२ आहे आणि त्याचा प्रमाणित वेग ३२०० पर्यंतच जातो. एक्सएमपीमध्ये बहुधा १.३५ व्होल्ट असतात. अनेक घरांतील ३२०० ची रॅम वर्षानुवर्षे २१३३ किंवा २६६६ वर चालत असते, कारण जोडणी करणाऱ्याने हे एक बटण दाबलेले नसते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर चालू वेग दिसतो, तो आजच पाहावा. डीडीआर५ साठी एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७००० सोबत एक्सपो आणले; काम तेच.

एक गोष्ट दुकानात सहसा सांगत नाहीत: प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्यांच्या दृष्टीने एक्सएमपी आणि एक्सपो हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे. त्यामुळे पाकिटावर छापलेला वेग असला, तरी तो आपल्या प्रोसेसरवर आणि आपल्या बोर्डावर टिकतो का, हे तपासलेच पाहिजे.

दुसरा टप्पा: हाताने वेग वाढवणे

उदाहरण म्हणून रायझन ५ ५६००जी आणि ८ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक घेऊ, एक्सएमपी ३२०० वर १६-१८-१८-३८ (क्रमाने सीएल, टीआरसीडी, टीआरपी आणि टीआरएएस हे टायमिंग). ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे इथे मेहनतीचे चीज होते.

प्रथम टायमिंग सैल करावेत: १८-२२-२२-४२, टीआरएफसी (याचा अर्थ पुढे दिला आहे) ६३०, व्होल्टेज १.३५. मग वेग ३३३३, ३४६६ आणि ३६०० असा टप्प्याटप्प्याने वाढवावा आणि प्रत्येक टप्प्यावर विंडोज सुरू करून दहा-पंधरा मिनिटांची छोटी चाचणी घ्यावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वेग, टायमिंग आणि व्होल्टेज तिन्ही एकदम बदलणाऱ्याला चूक आल्यावर तिचे कारण सापडत नाही.

रायझनमध्ये आणखी एक घड्याळ सांभाळावे लागते. रॅम ३६०० वर असेल, तर तिचे घड्याळ १८००. मेमरी कंट्रोलर (प्रोसेसरमधला रॅम हाताळणारा भाग) आणि इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरचे भाग एकमेकांना जोडणारा मार्ग) हेही १८०० वरच असले पाहिजेत. झेनटायमिंग्ज या छोट्या प्रोग्राममध्ये तिन्ही आकडे एकत्र दिसतात. कंट्रोलर निम्म्या वेगावर घसरला असेल, तर विलंब वाढतो आणि ३६०० पेक्षा जुने ३२०० बरे होते अशी अवस्था होते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून हीच गोष्ट गिअर १ (कंट्रोलर रॅमच्या बरोबरीने) आणि गिअर २ (निम्म्या वेगाने) या नावांनी येते. डीडीआर४ असेल तर गिअर १ सोडू नये.

३६०० स्थिर झाले की टायमिंग आवळायला घ्यावेत. सीएल १८ वरून १६ करावा. गिअर डाउन मोड (रॅमला आज्ञा निम्म्या घड्याळावर देणारी बायोसमधील सेटिंग) चालू असताना विषम सीएल सम आकड्याकडे ढकलला जातो, म्हणून १७ लिहून उपयोग नाही. त्यानंतर टीआरसीडी आणि टीआरपी एकेका अंकाने कमी करावेत. मग टीआरएफसी. रॅमच्या प्रत्येक पेशीत साठवलेला विद्युतभार सतत गळत असतो, म्हणून ६४ मिलिसेकंदांत सर्व पेशी एकदा तरी ताज्या कराव्या लागतात. ही उजळणी चालू असताना माहिती मिळत नाही, आणि तिला लागणारा वेळ म्हणजे टीआरएफसी. ८ गिगाबिट चिपसाठी तो प्रमाणानुसार ३५० नॅनोसेकंद, म्हणजे ३६०० वर ६३० आवर्तने असतो. चांगल्या चिपवर तो बराच खाली येतो, पण २०-३० आवर्तनांच्या पावलांनीच उतरावे. दोन उजळण्यांमधले अंतर, म्हणजे टीआरईएफआय, इंटेलच्या आणि एएमडीच्या एएम५ (रायझन ७००० चे सॉकेट) बोर्डांवर वाढवता येते. मात्र तापमान वाढले की भार अधिक वेगाने गळतो, त्यामुळे थंड खोलीत ताणून ठेवलेला टीआरईएफआय आपल्याकडच्या उन्हाळ्यात पहिल्यांदा दगा देतो. गोव्यात बिनएसीच्या खोलीत वापरायच्या संगणकावर मी या आकड्याला हात लावण्याचा सल्ला देणार नाही.

व्होल्टेजबाबत लोभ नको. डीडीआर४ साठी १.४० पर्यंत रोजच्या वापरात फारशी चिंता नसते, १.४५ ला स्टिकवरून हवा खेळती असलीच पाहिजे, आणि १.५ हा प्रमाणात दिलेला कमाल सहनमर्यादेचा आकडा आहे. तो गाठायचा नसतो. एएम४ वर (५६००जी सारख्या प्रोसेसरच्या सॉकेटवर) एसओसी व्होल्टेज, म्हणजे मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणारा व्होल्टेज, १.१ च्या आसपास पुरतो आणि १.२ ओलांडू नये. रायझन ७००० मध्ये २०२३ साली जास्त एसओसी व्होल्टेजमुळे काही प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीने १.३ ची कमाल मर्यादा घातली. तेव्हापूर्वीचे बायोस असेल, तर एक्सपो चालू करण्याआधी ते बदलावे.

डीडीआर५ वाल्यांसाठी थोडक्यात: रायझन ७००० वर ६००० हा व्यवहार्य मुक्काम आहे, कारण तिथे कंट्रोलर रॅमच्या घड्याळाशी बरोबरीने चालतो. चार स्टिक लावल्या, तर याच प्रोसेसरचा अधिकृत वेग ३६०० पर्यंत खाली येतो, त्यामुळे दोनच मोठ्या स्टिक घ्याव्यात. पहिल्यांदा सुरू करताना मेमरी ट्रेनिंगसाठी, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असताना, पडदा काही मिनिटे काळा राहतो. घाईने बटण दाबून बंद करू नये. चिपमध्येच असलेली चूकदुरुस्ती फक्त चिपच्या आतल्या चुका सुधारते, चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवरच्या नाही, म्हणून ‘डीडीआर५ ला चाचणी लागत नाही’ हे ऐकू नये.

तिसरा टप्पा: चाचणी

एकही प्रोग्राम सर्व दोष पकडत नाही, म्हणून क्रम ठरवून घ्यावा. नव्या सेटिंगवर प्रथम पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ ची फेरी चालवावी, म्हणजे ढोबळ चुका विंडोजच्या फाइलींना धक्का न लावता सापडतात. त्यानंतर विंडोजमध्ये टेस्टमेम५ घ्यावे आणि त्यात ‘अंता७७७ एक्स्ट्रीम’ हे कॉन्फिगरेशन वापरावे. त्याची पूर्ण चाचणी १६ जीबीला दीड-दोन तास घेऊ शकते, परंतु टायमिंगच्या चुका शोधण्यात ते मेमटेस्टपेक्षा कितीतरी कठोर आहे. विकत घेण्याची तयारी असेल, तर कारहू रॅम टेस्टही उत्तम. मग प्राइम९५ चे लार्ज एफएफटी किंवा वाय-क्रंचर दोन तास, कारण त्यात प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर ताण येतो. लिनक्स वापरणाऱ्यांना गूगलचे स्ट्रेसॲपटेस्ट आहे.

या सगळ्यांत एक चूक म्हणजे नापास. ‘आठ तासांत एकच चूक आली, चालेल’ असे म्हणणाऱ्याने ती चूक कुठल्या फाइलीत पडेल ते आधी सांगावे.

आता गोव्याचा मुद्दा. चाचणी संगणकाच्या सर्वांत वाईट दिवसासारख्या परिस्थितीत घ्यायला हवी. कॅबिनेटचे झाकण लावलेले, एसी बंद, वेळ दुपारी बारा ते चार, आणि संगणक नेहमीच्याच जागी, म्हणजे टेबलाखालच्या कोपऱ्यात असेल तर तिथेच. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर त्याची गरम हवा थेट रॅमकडे जाते. म्हणून टेस्टमेम५ एकटे चालवून समाधान मानू नये, तासभर जड गेम खेळून स्टिक तापल्यावर लगेच चाचणी सुरू करावी. ५६००जी सारख्या प्रोसेसरवर ओसीसीटी या प्रोग्रामने ग्राफिक्स आणि मेमरी या दोहोंवर एकाच वेळी ताण द्यावा.

डीडीआर५ च्या स्टिकवर तापमानाचा सेन्सर असतो आणि एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम तो वाचतो. डीडीआर४ मध्ये तो नेहमी नसतो. तेव्हा मल्टिमीटरचा तापमान मोजणारा प्रोब उष्णतारोधक टेपने स्टिकच्या पत्र्यावर चिकटवून काम भागते. कमी टीआरएफसी लावलेल्या स्टिकवर ५० अंशांपुढे लक्ष ठेवावे. चाचणी जुलैत किंवा डिसेंबरात करत असाल, तर बायोसमधून कॅबिनेटच्या पंख्यांचा वेग कमी करून स्टिकचे तापमान रोजच्या कमाल आकड्यापेक्षा पाच-सात अंशांनी वर न्यावे आणि त्या तापमानात चाचणी पास व्हावी. तेवढी सवड हातात असली म्हणजे मे महिना निभावतो.

चाचणीच्या मध्येच लाइट गेली आणि यूपीएसनेही साथ सोडली, तर आधीचे तास धरू नयेत. पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे. शेवटी थंड सुरुवातीची परीक्षा घ्यावी: संगणक बंद करून भिंतीवरचे बटण रात्रभर बंद ठेवावे, सकाळी सुरू करून लगेच टेस्टमेम५ चालवावे. वीज पूर्ण तुटल्यानंतर बोर्ड रॅमचे ट्रेनिंग नव्याने करतो आणि प्रत्येक वेळी ते सारखेच जमेल असे नसते. स्लीपमधून उठवल्यावरही एकदा पाहावे.

चूक आली तर

चूक कधी आली यावरून बरेच कळते. पहिल्या मिनिटातच चुकांची रांग लागली, तर वेग किंवा सीएल, टीआरसीडी यांपैकी काहीतरी आवाक्याबाहेर आहे. एक पायरी मागे यावे किंवा व्होल्टेज ०.०२ ने वाढवून पाहावे. अर्ध्या तासानंतर, स्टिक तापल्यावर एखादी चूक आली, तर संशय टीआरएफसी आणि टीआरईएफआयवर घ्यावा आणि व्होल्टेज वाढवू नये, कारण त्याने स्टिक आणखी तापते. रॅमची चाचणी निर्दोष, पण संगणक अचानक रीस्टार्ट होतो किंवा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) व्हीया (WHEA) नावाच्या, हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदी साठतात, अशी स्थिती असेल तर दोष बहुधा फॅब्रिकचा किंवा एसओसी व्होल्टेजचा असतो; तिथे रॅमचे टायमिंग सैल करून काही हाती लागत नाही. हे अडाखे आहेत, नियम नव्हेत, तरी दहापैकी सात-आठ वेळा शोध इथूनच सुरू केलेला बरा.

पडदा काळाच राहिला, तर आधी पाच-दहा मिनिटे थांबावे. बहुतेक बोर्ड काही प्रयत्नांनंतर आपोआप मूळ सेटिंगवर येतात. नाही आला, तर मुख्य बटण बंद करून सीमॉस क्लिअर करावे, आणि जंपर नसेल तर सीआर२०३२ बॅटरी काही मिनिटे काढून ठेवावी.

सर्व चाचण्या पार पडल्यावर विंडोजमध्ये सिस्टिम फाइल चेकर एकदा चालवून फाइली शाबूत असल्याची खात्री करावी, सोडवलेली डिस्क जोडावी आणि अंतिम आकडे बायोसमध्ये प्रोफाइल म्हणून साठवावेत. ते कागदावरही लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावेत, कारण नवे बायोस घातले की साठवलेली प्रोफाइल अनेकदा पुसली जाते. बायोस बदलल्यावर, नवी स्टिक जोडल्यावर आणि दरवर्षी एप्रिल संपताना टेस्टमेम५ पुन्हा एकदा पूर्ण चालवावे. त्यात चूक आली, तर वेगाला हात लावण्याआधी स्टिक काढून संपर्कपट्ट्या पुसाव्यात आणि पंख्यांच्या जाळीवरची धूळ झाडावी.